बोटींच्या आधी बांध : आपल्या तळ्याबद्दल सर्व प्लॉटधारकांना खुलं पत्र

प्रति,
मुरबाड तालुक्यातल्या आपल्या शेतघर प्रकल्पाचे सर्व प्लॉटधारक
व व्यवस्थापन समितीचे सभासद

स. न. वि. वि.

येत्या रविवारी ठाण्यात होणाऱ्या वार्षिक सभेची विषयपत्रिका परवा मिळाली. विषय चौथा : तळ्यासाठी चार पेडल बोटी खरेदी करणे. विषय सातवा : क्लबहाऊसचा रंग. तळ्याचं पाणी अडवून धरणारा बांध कुठेच नाही. म्हणजे तो नेहमीसारखा ‘आयत्या वेळचे विषय’मध्ये येणार, आणि त्या आयत्या वेळेला आत पुऱ्या तळायला घेतलेल्या असतात हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. गेल्या वर्षी मी बोलायला उभा राहिलो तेव्हा समोरचे निम्मे लोक हात धुवायला गेले होते.

पत्र खुलं ठेवण्याचं कारण मात्र दुसरं आहे. बांधापासून ओढ्याने खाली गेलं की जेमतेम पाऊण किलोमीटरवर कातकऱ्यांची वाडी लागते. पस्तीसेक घरं. आपल्याकडे गवत काढायला, झाडांना पाणी घालायला, क्लबहाऊसची भांडी घासायला येणाऱ्या बायका तिथल्याच. बांधाचं काही बरंवाईट झालं तर पाणी आधी त्यांच्या दारात जाईल, आणि सभेत मत द्यायचा हक्क मात्र आपला. हे त्यांच्यापर्यंतही पोचावं असं मला वाटतं.

मला ओळखत नसाल त्यांच्यासाठी : पाटबंधारे खात्यात ३२ वर्षं काढली. शाखा अभियंता म्हणून लागलो, उपअभियंता होऊन निवृत्त झालो. त्यातली बरीच वर्षं लहान मातीच्या धरणांवर गेली, म्हणजे ज्यांची नावं पेपरात फुटल्यावरच येतात अशा धरणांवर.

आपण त्याला तळं म्हणतो आणि तिथेच पहिला घोटाळा होतो. ठाणेकराच्या डोळ्यापुढे तळं म्हटलं की मासुंदा येतो, कचराळी येतो. तलावपाळीवर फेऱ्या मारताना पाणी आपल्या पायांच्या खाली असतं. आपल्या तळ्याचं तसं नाही. बांधाच्या खालच्या बाजूला ओढ्यात उभे राहा आणि वर बघा. पाणी तुमच्या डोक्यावर आहे. माहितीपत्रकात त्याला ‘लेक’ म्हटलंय, बिल्डरच्या माणसाने आपल्याला ते ‘लेक व्ह्यू’ म्हणून जादा दराने विकलंय, पण खात्याच्या भाषेत ते मातीचं धरण आहे. पायथ्यापासून माथ्यापर्यंत उंची २६ फूट. तळं काठोकाठ भरलं की साधारण ३ एकरांवर पाणी पसरतं, सरासरी खोली १० फूट धरली तर सुमारे ३७ हजार घनमीटर साठा होतो. घोडबंदर रोडच्या मंडळींसाठी टँकरमध्ये सांगतो : दहा हजार लिटरचे ३,७०० टँकर.

बरं, इतकं पाणी अडवलंय तर सरकार बघत असेलच, असं मला दोघातिघांनी सांगितलं. संसदेने २०२१ साली धरण सुरक्षा अधिनियम केला, तो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना लागू होतो, आणि १० ते १५ मीटरमधल्या, लांबी-साठा वगैरेंच्या ठरावीक अटींत बसणाऱ्या धरणांना. आपला बांध ८ मीटरचा. भातसा, बारवीसारख्या धरणांची पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यानंतर पाहणी होते, अहवाल लिहिले जातात, नाशिकला धरण सुरक्षितता संघटना आहे तिच्याकडे नोंदी असतात. आपला बांध त्या वहीत नाही. त्याची वही आपणच ठेवायला हवी होती, आणि बिल्डर ताबा देऊन गेला त्याला आता कितीतरी वर्षं झाली तरी आपल्याकडे बांधाचा साधा नकाशाही नाही. मी समितीकडे मागितला तेव्हा मला क्लबहाऊसच्या प्लंबिंगचा मिळाला.

आता मुद्द्याचं. सांडवा.

बांधाच्या उजव्या टोकाला जिथे आपण पावसाळी सहलीत पाय बुडवून बसतो, भजी खातो, तो धबधबा नाही, तो सांडवा आहे. तळं भरल्यावर जास्तीच्या पाण्याने तिथून निघून जावं, बांधाच्या माथ्यावरून जाऊ नये, एवढ्यासाठी तो ठेवलेला आहे. मूळचा सांडवा १० मीटर रुंद आणि त्याचा उंबरा बांधाच्या माथ्यापेक्षा ४ फूट खाली. ज्याने केला त्याला काम कळत होतं. तीन वर्षांपूर्वी आपण ठराव करून त्या उंबऱ्यावर २ फूट उंच दगडी बांधकाम चढवलं, कारण फेब्रुवारीतच पाणी उतरतं आणि फोटोत चिखल दिसतो. मग रोहू-कटल्याची पिल्लं सोडली आणि ती वाहून जाऊ नयेत म्हणून त्या बांधकामावर लोखंडी चौकटीत जाळी बसवली.

मी त्या सभेला हजर होतो. हात वर केला नाही, पण तोंडही उघडलं नाही. ठराव मांडणारे गृहस्थ माझ्या शेजारच्या प्लॉटचे, त्यांच्या मुलीचं लग्न आठवड्यावर आलेलं, आणि मला वाटलं, नंतर बोलू. ती माझी चूक. या पत्राची निम्मी शाई त्या चुकीची आहे.

२ फुटांनी असं काय बिघडतं? ४ फुटांतले २ गेले म्हणजे सांडव्याची ताकद निम्मी झाली, असं वाटेल. तसं होत नाही. सांडव्यावरून जाणारं पाणी खोलीच्या दीडाव्या घातात वाढतं-घटतं, म्हणून खोली निम्मी केली की पाणी जवळपास तिसऱ्या हिश्शावर येतं. जुना सांडवा बांध बुडायच्या बेताला आल्यावर सेकंदाला २२ घनमीटर पाणी काढू शकत होता. आता तो ८ देखील काढणार नाही, आणि तेही जाळी स्वच्छ असेल तर. श्रावणात त्या जाळीला सागाची पानं, काटक्या, प्लास्टिकच्या ताटल्या कशा चिकटतात ते आपल्या रखवालदाराला विचारा. तो बांबूने ढकलत बसतो.

आता वरून येणारं पाणी बघा. आपल्या तळ्यात उतरणारा डोंगर सुमारे ६० हेक्टरचा. तासाला १०० मिलिमीटर पाऊस झाला आणि आधीच भिजलेल्या डोंगरावरून पाचातले चार हिस्से वाहून आले, तर सेकंदाला १३ घनमीटर पाणी तळ्यात येणार. येणार १३, जाणार फार तर ८. उरलेल्या पाण्याने माथ्यापर्यंतचे २ फूट भरायला अर्धा तासही लागत नाही. असा पाऊस आपल्याकडे कुठे पडतो, असं कृपा करून म्हणू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पडला, त्यातला बराचसा दुपारनंतरच्या काही तासांत. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली, हजारावर माणसं बोटींनी काढली, तेव्हा आपण सगळे टीव्हीसमोर बसून होतो. मुरबाड तिथून काही लांब नाही.

काँक्रीटच्या धरणावरून थोडं पाणी गेलं तर ते सोसतं. मातीच्या बांधाला ते सोसत नाही. खालच्या उतारावरून पहिली धार गेली की ती माती घेऊन जाते, चर पडतो, चर मागे मागे सरकत माथ्याला येतो, आणि मग तळं त्या खाचेतून बाहेर पडतं. तोवर रात्रीचे दोन वाजलेले असतात, कारण पाऊस दिवसाढवळ्याच पडेल असं काही त्याने लिहून दिलेलं नाही.

नोकरीत असताना प्रशिक्षणात एक गोष्ट ऐकली होती, ती मला आपला सांडवा पाहिला की हटकून आठवते. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यात साउथ फोर्क नावाचं मातीचं धरण होतं. सरकारने कालव्यासाठी बांधलेलं, नंतर बिनकामाचं झालं आणि विकलं गेलं. मधल्या मालकाने तळातले विसर्गाचे लोखंडी नळ काढून भंगारात विकले. पुढे ते पिट्सबर्गच्या धनिकांच्या एका मासेमारी-शिकार क्लबने घेतलं, सभासदांत अँड्र्यू कार्नेगी आणि हेन्री फ्रिकसारखी माणसं. क्लबने बांधाचा माथा थोडा उतरवला, घोडागाड्या जाव्यात म्हणून. सांडव्यावर जाळ्या बसवल्या, मासे जाऊ नयेत म्हणून. ३१ मे १८८९ ला जोराचा पाऊस झाला, जाळ्या कचऱ्याने तुंबल्या, पाणी माथ्यावरून गेलं. खाली २२ किलोमीटरवर जॉन्सटाउन नावाचं पोलाद कामगारांचं गाव होतं. २,२०९ माणसं गेली. क्लबच्या सभासदांवर कोर्टात काहीही शाबीत झालं नाही.

त्यांनी माथा उतरवला, आपण उंबरा चढवला. मधलं अंतर त्यांचंही कमी झालं, आपलंही. जाळी तर तीच.

सांडव्याची भीती पावसावर अवलंबून आहे. दुसरी गोष्ट आत्ता, या मे महिन्यात, कोरड्या दिवसांत चालू आहे आणि ती मला जास्त खुपते.

बांधाच्या खालच्या पायथ्याला, विमोचकाच्या, म्हणजे तळ्यातलं पाणी खाली सोडायच्या नळापासून डावीकडे सातेक पावलांवर, एक हिरवा पट्टा आहे. आजूबाजूचा सगळा माळ पिवळा पडलाय आणि तिथे गवत कोवळं आहे, लव्हाळा उगवलाय. वाडीतल्या एक आजी तिथे शेळ्या घेऊन येतात. त्यांनीच मला दाखवलं. म्हणाल्या, “सायेब, पानी पयलं निवळ येयाचं, आता दुधावानी येतंय.” मी पाय टाकला तर बूट घोट्यापर्यंत आत. वाकून बघितलं तर दोन बोटं मावतील एवढ्या जागेतून पाणी हळूहळू उमलत होतं आणि त्याच्याभोवती बारीक मातीचं कडं साचलं होतं, मुंग्यांच्या बिळाभोवती असतं तसं.

मातीचं धरण पाझरतंच. न पाझरणारं मी पाहिलेलं नाही. प्रश्न पाझर स्वच्छ आहे की गढूळ, एवढाच असतो. स्वच्छ पाणी एकटं येतं. गढूळ पाणी बांधातली माती सोबत घेऊन येतं, म्हणजे आत पोकळी वाढते आहे, खालून वर, पाण्याच्या दिशेने. मी फेब्रुवारीत त्या जागी एक बाटली भरून घेतली होती. ती माझ्या गॅलरीत अजून तशीच आहे, काचेसारखी. मेच्या पहिल्या आठवड्यात दुसरी भरली, रात्रभर ठेवली. सकाळी तळाशी करंगळीच्या नखाएवढा जाड गाळ. याच काळात तळ्याचं पाणी ३ फुटांनी उतरलंय. पाणी उतरलं की पाझरही कमी व्हायला हवा. इथे उलटं झालंय.

जागा नळाजवळची आहे हेही बघा. बांधातून आरपार जाणाऱ्या नळाभोवतीची माती नीट ठासली जात नाही, पाणी नळाची पाठ धरून वाट काढतं. पानशेतला १२ जुलै १९६१ ला जे झालं त्याची सुरुवातही अर्धवट राहिलेल्या विमोचकाच्या नळीवरची माती खचण्यातूनच झाली होती. पानशेत कुठे आणि आपला बांध कुठे, मान्य. पण माती तशीच वागते.

हे मी समितीतल्या एका सभासदांना फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, “काका, आमच्या सोसायटीच्या टेरेसवाल्याला पाठवतो, केमिकल मारून देईल, दहा वर्षांची गॅरंटी.” त्यांचा हेतू चांगला आहे. ठाण्यात राहून गळतीशी आपली ओळख गच्चीवरूनच झालेली असते. पण पाणी बाहेर पडतं ती जागा सिमेंटने, केमिकलने किंवा चिकणमातीने अजिबात बुजवू नका. आतलं पाणी कोंडलं की ते दुसरीकडून फुटतं, आणि जास्त जोराने. तिथे करायचं ते बरोबर उलटं : पाण्याला जाऊ द्यायचं, मातीला अडवायचं. आधी स्वच्छ जाड रेती, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर मोठी खडी, वर दगड. याला उलटी गाळणी म्हणतात. दोन ट्रॅक्टर माल आणि चार माणसं, एक दिवसाचं काम. ती तात्पुरती मलमपट्टी आहे, दुखण्याचं मूळ कुठे आहे ते जाणकाराने प्रत्यक्ष येऊन शोधायला हवं.

झाडांबद्दल थोडक्यात. खालच्या उतारावरचा उंबर, ज्याला आपण झोका बांधलाय आणि जिथे लग्नाआधीचे फोटो काढायला लोक येतात, तो बांधाचा शत्रू आहे. मुळं आत जातात, एखादं मूळ मरून कुजलं की पाण्याला तयार नळी मिळते. माथ्यावरच्या गुलमोहरांचंही तेच. ५ जूनच्या वृक्षारोपणात त्यातला एक खड्डा मी स्वतः खणलाय, फोटोत टोपी घालून उभा आहे. रोपं आहेत ती आता उपटता येतील. उंबर मात्र पावसाच्या तोंडावर मुळासकट उपटायला जाऊ नका, मोठा खड्डा पडेल. त्याचं काय ते पावसाळ्यानंतर.

आणि खेकडे. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, वीसहून जास्त माणसं गेली. त्यानंतर खेकड्यांनी धरण पोखरलं असं मंत्र्यांनी सांगितलं आणि महाराष्ट्रभर हसू झालं. मीही हसलो, पण माझं हसणं निराळं होतं. खेकडे, घुशी, मुठे बांधात बिळं करतातच, वाळवी वारुळं करतेच, ही नवी बातमी नाही. तपासणी असते ती त्यांच्यासाठीच. तिवऱ्याच्या लोकांनी गळतीच्या तक्रारी आधीच केल्या होत्या. आपल्या बांधाच्या मधल्या भागात, झुडपं साफ केल्यावर मी ११ बिळं मोजली, आणि झुडपं मी फक्त ३० पावलांपुरती साफ केली होती.

कायद्याचं मी जपून बोलतो, वकील नाही. पण आपल्यात तीन वकील आहेत, त्यांना रायलँड्स विरुद्ध फ्लेचर हे नाव नवं नसेल. लँकाशायरमधल्या एका गिरणीवाल्याने आपल्या जमिनीत पाण्याचा साठा केला, ते पाणी शेजाऱ्याच्या खाणीत शिरलं, आणि १८६८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायपीठाने सांगितलं की निष्काळजीपणा सिद्ध झाला नाही तरी भरपाई मालकानेच द्यायची. आपल्या देशातली कोर्टं ते तत्त्व मानत आली आहेत. उलट १८७४ मध्ये मद्रासकडच्या एका जमीनदाराचे तलाव फुटून रेल्वेचे पूल वाहून गेले, तेव्हा प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे इंग्रजी अमदानीतल्या आपल्या शेवटच्या अपील कोर्टाने, जमीनदाराला सोडलं. कारण ते तलाव शेतीसाठी होते, पूर्वापार होते, रयतेसाठी ते राखणं त्याचं कर्तव्य होतं. आपलं पाणी कोणाच्या शेतीला जातं? वाडीने उन्हाळ्यात मागितलं तेव्हा ‘पातळी खाली जाईल’ म्हणून आपण नाही म्हटलं होतं. तेही इतिवृत्तात आहे.

रविवारी मी मांडणार आहे ते इतकंच. सांडव्यावरचं चढवलेलं बांधकाम आणि जाळी ७ जूनच्या आत काढायची, दोन्ही. मासे गेले तर गेले, वाडीतली पोरं पकडतील. या पावसाळ्यात तळं भरू द्यायचं नाही. आत्ताच सायफन लावून पाणी हळूहळू उतरवायचं, एका रात्रीत नाही, कारण पाणी झटकन उतरलं की आतला ओला उतार घसरतो. रखवालदाराला एक वही, एक बॅटरी आणि वाडीतल्या दोघांचे फोन नंबर द्यायचे. पाऊस असेल त्या दिवसांत सकाळ-संध्याकाळ पाझर स्वच्छ की गढूळ हे त्याने लिहायचं, आणि गढूळ वाढलं तर आपल्याला ठाण्यात कळवायच्या आधी वाडीत कळवायचं. तहसीलदारांना आणि जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाला लेखी पत्र द्यायचं की असा बांध आहे, तो आमचा आहे आणि त्याला पाझर आहे. ‘आपणहून कशाला कळवायचं’ असं म्हणणारे आहेत, मला त्यांचे फोनही आले. त्यांना मी म्हटलं, शनिवारी माझ्याबरोबर चला आणि ते मातीचं कडं एकदा बघा, मग बोलू.

बोटींना माझा विरोध नाही. दोन वर्षांनी घेऊ. यंदाचा तो पैसा पाहणीला, रेती-खडीला आणि तज्ज्ञाच्या फीला लावावा अशी दुरुस्ती मी विषय चारवर मांडतोय, म्हणजे पुऱ्या तळायच्या आधी ती चर्चेला येईल. कोणी अनुमोदन द्यावं.

शनिवारी सकाळी साडेसातला मी बांधावर असेन. दोन्ही बाटल्या आणतो. जुने बूट घालून या.

आपला,
एक प्लॉटधारक
(निवृत्त उपअभियंता, पाटबंधारे)
नौपाडा, ठाणे

ता. क. : विमोचकाचं चाक फिरवायची लोखंडी किल्ली पंपघरात नाही, क्लबहाऊसच्या कपाटातही नाही. गेल्या होळीला ती बार्बेक्यूची शेगडी हलवायला वापरलेली मी पाहिली होती. ज्यांच्या डिकीत पडून असेल त्यांनी शनिवारी आणावी. चाक अजून फिरतं की गंजलंय तेही मग कळेल.